‘पी’मध्ये अडकलेली गाडी

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मोटार दुरुस्ती शिकवण्यात माझ्या आयुष्याची तीस वर्षं गेली. क्लच कसा बसवायचा, ब्रेकमधली हवा कशी काढायची, गिअरबॉक्स कसा खोलायचा, हे मी शेकडो मुलांना शिकवलं. त्यामुळे आमच्या सोसायटीत कोणाची गाडी कुरकुरली, की पहिली हाक मला येते. अशीच एक हाक पावसाळ्यातल्या एका पहाटे साडेतीन वाजता आली आणि त्या पहाटे या मास्तरांची चांगलीच फजिती झाली. आज ती फजितीच सांगणार आहे, कारण तिच्यात तुमच्या-आमच्या उपयोगाचं बरंच काही आहे.

आमची सोसायटी पुण्यातली, जुनी. बांधली तेव्हा घरटी एक स्कूटर धरून पार्किंग आखलेलं. आता घरटी एक-दोन मोटारी आहेत. त्या दोन रांगांत लागतात आणि मागच्या रांगेतल्या गाडीला बाहेर पडायचं तर पुढची बाजूला करावी लागते. म्हणून आमच्याकडे एक अलिखित नियम आहे. पुढच्या रांगेतली गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, हँडब्रेक ओढायचा नाही आणि चाकाखाली वीट सरकवायची. वॉचमन वीट काढतो, गाडी हाताने ढकलतो, काम झालं की परत आणून लावतो. पुण्या-मुंबईच्या असंख्य सोसायट्यांत हेच चालतं.

त्या पहाटे तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंना कळा सुरू झाल्या. त्यांची गाडी मागच्या रांगेत. पुढे उभी होती पाचव्या मजल्यावरच्या एका तरुणाची नवी ऑटोमॅटिक गाडी. तो चार दिवसांपूर्वी कामासाठी परगावी गेलेला. मागच्या गाडीवाले आपली गाडी रविवारीच काढतात, त्यामुळे चार दिवस कोणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. सहा जणांनी जोर लावला, पण गाडी जागची हलेना. वॉचमन म्हणाला, “सर, गाडी जाम झालीय.”

जाम वगैरे काही झालेली नव्हती. गिअरची दांडी ‘पी’वर होती, एवढंच. त्या तरुणाच्या आई बिचाऱ्या किल्ली घेऊन खाली आल्या. “हे बटण दाबलं की उघडते म्हणाला होता तो,” म्हणाल्या. बटण दाबलं, पण गाडीने हूं की चूं केलं नाही. आतला छोटा दिवा चार दिवस जळत राहून बॅटरी पार उतरली होती. म्हणजे किल्ली हातात, पण गाडीत वीज नाही, आणि वीज नाही म्हणून दांडी ‘पी’तून निघत नाही.

पुढे काय झालं ते नंतर सांगतो. आधी ही दांडी का अडकते ते पाहू. ते कळलं, की ती सोडवायची कशी हे पाठ करावं लागत नाही.

साध्या, म्हणजे क्लचच्या गाडीत गिअरची दांडी आपल्या हाताच्या ताब्यात असते. इंजिन बंद असो, बॅटरी मेलेली असो, दांडी मधे आणली की गाडी न्यूट्रल झाली. ऑटोमॅटिक गाडीत ‘पी’ म्हणजे पार्क. या जागी दांडी नेली, की दोन गोष्टी होतात. इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटतो, हे न्यूट्रलसारखंच झालं. शिवाय गिअरबॉक्सच्या आत, चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर एक खाचांचं चक्र बसवलेलं असतं, त्या खाचेत एक पोलादी खिट्टी जाऊन बसते. जुन्या दाराला आतून खिट्टी घालतात ना, अगदी तसंच. खिट्टी छोटीशीच, पण ती बसली की ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते ती चाकं जखडली जातात. मग सहा काय, बारा माणसं आली तरी उपयोग नाही.

कधी कधी ‘पी’ लावून ब्रेकवरून पाय काढला, की गाडी चार बोटं सरकते आणि ‘खट्’ आवाज होऊन थांबते. तेव्हा खिट्टी खाचेच्या समोर आलेली नसते, गाडी जराशी सरकली की आत पडते. उतारावर नुसत्या ‘पी’वर गाडी उभी केली, तर गाडीचं सगळं वजन या खिट्टीवर येतं. मग दुसऱ्या दिवशी दांडी काढताना जोर लागतो, मोठा आवाज होतो. म्हणून उतारावर आधी हँडब्रेक ओढावा, वजन त्याच्यावर येऊ द्यावं आणि मग ‘पी’ लावावा.

आता तुम्ही म्हणाल, खिट्टी आहे तर ती काढता का येत नाही? दांडी मागे ओढली की झालं! तर मधे आणखी एक कुलूप आहे. दांडीच्या खाली विजेवर चालणारा एक छोटा खटका असतो, त्याला सोलेनॉइड म्हणतात. किल्ली फिरवलेली असेल आणि तुमचा पाय ब्रेकवर असेल, तरच या खटक्याला वीज मिळते, तो बाजूला होतो आणि दांडी ‘पी’तून निघते. वीज नाही तर खटका हलत नाही, खटका हलत नाही तर दांडी हलत नाही.

हे कुलूप मोटारीत आलं कसं, त्याचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत ‘आउडी ५०००’ या गाडीविषयी तक्रारी येऊ लागल्या, की ‘पी’तून दांडी काढताच गाडी आपोआप सुसाट सुटते. माणसं जखमी झाली, काही दगावली. नोव्हेंबर १९८६मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमात हा विषय आला आणि एकच खळबळ उडाली. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याने तपास करून १९८९मध्ये अहवाल दिला. त्याचं सार असं, की गाडीत अशा अपघातांचा उलगडा करील असा दोष सापडला नाही. बहुतेक ठिकाणी चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला होता. गाडी पुढे झेपावली, की घाबरून तो तोच पाय आणखी जोरात दाबत होता, आपण ब्रेकच दाबतो आहोत अशा समजुतीने.

अहवाल येण्याआधीच, १९८७मध्ये, कंपनीने गाड्या परत बोलावून त्यांत हा खटका बसवायला सुरुवात केली होती. कल्पना साधी आणि शहाणपणाची. पाय ब्रेकवर आहे याची खात्री पटल्याशिवाय दांडी सोडायचीच नाही. पुढे बाकीच्या कंपन्यांनीही तो घेतला आणि १ सप्टेंबर २०१०पासून बनलेल्या छोट्या-मध्यम ऑटोमॅटिक गाड्यांना अमेरिकेत तो सक्तीचा झाला. घरातल्या लहान मुलाने खेळता खेळता दांडी ओढली आणि गाडी घरंगळली, असे अपघात टाळणं हाही त्यामागचा हेतू होता. म्हणजे आपल्याला त्या पहाटे अडवणारं कुलूप एरवी आपल्याच चुकांपासून आपलं रक्षण करत असतं. हे लक्षात ठेवा, कारण ते उघडायच्या वेळी आपण ते रक्षण काढून टाकत असतो.

मग वीज नसताना काय? ज्यांनी हे कुलूप बनवलं, त्यांनीच याचाही विचार करून ठेवला आहे. बहुतेक गाड्यांत गिअरच्या दांडीशेजारी नखाएवढं एक चौकोनी झाकण असतं. काहींवर ‘शिफ्ट लॉक’ असं इंग्रजीत लिहिलेलं असतं, काहींवर काहीच नसतं. ते झाकण चपट्या पेचकसाने, टोकाला फडक्याचा तुकडा गुंडाळून, हळूच उचकटायचं. आत एक भोक दिसतं. त्यात पेचकसाचं टोक किंवा गाडीची धातूची किल्ली घालून खाली दाबायची. खटका हाताने बाजूला होतो. तो दाबून धरायचा, दुसऱ्या हाताने दांडीचं बटण दाबायचं आणि दांडी ‘एन’वर, म्हणजे न्यूट्रलवर आणायची. काही गाड्यांत झाकणाऐवजी सरळ बटणच असतं. काहींत ही सोय कप ठेवायच्या खोलग्यात, रबराखाली किंवा दांडीभोवतीच्या चामड्याच्या आवरणाखाली लपवलेली असते. तुमच्या गाडीत ती कुठे आहे हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात चित्रासकट दिलेलं असतं.

ते झाकण असं अवघड का बसवतात, बोटाने का निघत नाही, असं मला एका विद्यार्थ्याने विचारलं होतं. त्याचं उत्तर नियमात आहे. अमेरिकेतला नियम सांगतो, की अशी सोय एक तर किल्लीनेच चालावी, नाही तर ती पेचकसासारख्या हत्याराशिवाय न निघणाऱ्या, आरपार न दिसणाऱ्या झाकणाखाली असावी. मुलांचा हात सहज जाऊ नये आणि चोराचंही काम सोपं होऊ नये. शिवाय गाडी न्यूट्रल झाली म्हणजे चोरीला गेली असं नाही. किल्ली काढून घेतली, की स्टिअरिंगचं स्वतंत्र कुलूप बसतं. चाकं फिरतात, पण वळत नाहीत.

आता किल्लीच नसेल तर? इथे नीट फोड करून पाहिलं पाहिजे, कारण लोक तीन वेगवेगळ्या अडचणींना एकच समजतात.

पहिली अडचण, किल्ली आहे पण गाडीची बॅटरी उतरली आहे. आमची अडचण हीच होती. यावर सगळ्यात चांगला उपाय झाकण उचकटणं हा नाहीच. उपाय म्हणजे गाडीला बाहेरून १२ व्होल्ट देणं. शेजारच्या गाडीच्या बॅटरीवरून जाड वायरी जोडा. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून जरा लांब. वीज आली, की किल्ली लावा, ब्रेक दाबा, दांडी आपोआप सुटेल. इंजिन सुरू झालं तर उत्तमच, नाही झालं तरी गाडी ढकलता येईल. आणि हो, ‘धक्का स्टार्ट’चा नाद ऑटोमॅटिक गाडीत करू नका. तिच्या गिअरबॉक्सला तेलाचा दाब लागतो आणि तो देणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिनच बंद, तर दाब नाही, दाब नाही तर चाकांची ताकद इंजिनापर्यंत पोचत नाही. कितीही पळवलीत तरी ती सुरू होणार नाही.

दुसरी अडचण, गाडीची बॅटरी ठणठणीत आहे, पण खिशातल्या रिमोट किल्लीतला छोटा सेल संपला आहे. लोक घाबरतात, गाडी मेली म्हणतात. अशा किल्लीच्या पोटात एक साधी धातूची किल्ली लपवलेली असते. बाजूची कळ दाबली की ती बाहेर येते आणि दार उघडतं. दाराचं भोकही कधी कधी हँडलवरच्या छोट्या टोपीखाली असतं. आत बसलात, की रिमोट किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवून किंवा पुस्तकात दाखवलेल्या जागी ठेवून बटण दाबा. बहुतेक गाड्या ती तशीही ओळखतात.

तिसरी अडचण, किल्ली खरोखरच हरवली आहे किंवा मालक ती घेऊन गेला आहे. दार उघडं असेल, तर झाकणाखालचा खटका बऱ्याच गाड्यांत किल्लीशिवायही चालतो. काहींत मात्र किल्ली थोडी फिरवल्याशिवाय दांडी सुटतच नाही. सुटली तरी स्टिअरिंग कुलूपबंद असतं, हे विसरू नका. पुढची चाकं ज्या बाजूला वळलेली असतील, गाडी त्याच बाजूला जाईल. तुम्ही सरळ ढकलत असाल आणि ती भिंतीकडे जात असेल! अशा वेळी, आणि गाडी बाहेरून कुलूपबंद असेल तेव्हा तर नक्कीच, चाकाखाली छोट्या चाकांच्या ट्रॉल्या सारून गाडी हलवणारे टोइंगवाले बोलवावेत. गाडीखाली शिरून गिअरबॉक्सवरची दांडी हाताने फिरवायचा खटाटोप कोणी सुचवला, तर साफ नाही म्हणा. गाडी सुटते त्या क्षणी तिच्या खाली माणूस असतो.

एक चौथी अडचणही आहे, आणि ती फार स्वस्तात सुटते. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण दांडी काही निघत नाही. तर कोणाला तरी मागे उभं करा आणि ब्रेक दाबा. ब्रेकचे लाल दिवे लागत नसतील, तर बहुधा ब्रेकच्या पायाजवळचा स्विच गेला आहे किंवा फ्यूज उडाला आहे. खटक्याला पाय दाबल्याची बातमीच मिळत नाही. काम थोडक्यात होतं. पण मागचे दिवे न लागणारी गाडी तशीच रस्त्यावर चालवू नका, आधी ते दुरुस्त करून घ्या.

इथपर्यंत आपण ज्या गाड्यांबद्दल बोललो, त्यांत दांडी आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये खरीखुरी तार असते. दांडी हलली की खिट्टी हलते. आता अशाही गाड्या आहेत, की जिथे दांडी म्हणजे निव्वळ एक स्विच आहे. कुठे गोल बटण असतं, कुठे टीव्हीच्या खेळासारखी छोटी काठी. तुम्ही इच्छा सांगायची, खिट्टी काढायचं काम एक छोटी मोटार करते. २००३मध्ये आलेली दुसऱ्या पिढीची टोयोटा ‘प्रियस’ या जातीची. अशा गाडीत वीज गेली, की झाकण नाही, भोक नाही, दांडी कितीही हलवा, आत काही घडत नाही. काही अमेरिकी गाड्यांत यासाठी ओढायचा एक पट्टा दिलेला असतो, पण सगळीकडे तो नसतो. मग बाहेरून १२ व्होल्ट देणं किंवा जखडलेली चाकं उचलून गाडी नेणं, एवढेच मार्ग उरतात. विजेवरच्या गाड्यांनाही हेच लागू आहे. खाली भली मोठी बॅटरी भरलेली असली, तरी दारं, दिवे आणि हे गिअरचं काम साधारणपणे वेगळ्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. ती उतरली, की घरात धान्याची कोठी भरलेली पण किल्ली हरवलेली, अशी गत होते.

आपल्याकडे आणखी एक प्रकार फार चालतो, तो म्हणजे एएमटी. २०१४मध्ये मारुतीच्या ‘सेलेरिओ’पासून तो भारतात आला आणि स्वस्त म्हणून घरोघरी गेला. यात गिअरबॉक्स साधाच, क्लचचाच, फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं यंत्र करतं. यातल्या बहुतेक गाड्यांना ‘पी’ नसतो. गाडी गिअरमध्ये ठेवून बंद करायची आणि हँडब्रेक ओढायचा. गंमत अशी, की १९३९मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘हायड्रामॅटिक’ या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सलाही ‘पी’ नव्हता, इंजिन बंद करून रिव्हर्समध्ये टाकला की तो जखडायचा! तर एएमटी गाडी गिअरमध्ये असताना वीज गेली, तर ती न्यूट्रल करता येत नाही. पुढची चाकं उचलूनच न्यावी लागते.

चाकं उचलण्यावरून आठवलं. रस्त्यावरून गाडी उचलून नेणारी व्हॅन गाडीचं एक टोक उचलते आणि दुसऱ्या टोकाची चाकं रस्त्यावर चालतात. ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते ती वर, हा नियम लक्षात ठेवा. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांची ताकद पुढच्या चाकांना असते, म्हणून पुढून उचलावी आणि हँडब्रेक सोडावा. ‘इनोव्हा क्रिस्टा’सारख्या गाडीची ताकद मागच्या चाकांना जाते. ती ‘पी’त असताना पुढून उचलून ओढली, तर मागची चाकं फरफटत येतात आणि सगळा ताण त्या खिट्टीवर पडतो. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी. आणि न्यूट्रल केली म्हणजे लांबवर ओढून न्यायला हरकत नाही, असंही नाही. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही. किती वेगाने आणि किती अंतर ओढायची हे पुस्तकात लिहिलेलं असतं. पार्किंगमधल्या दहा पावलांना मात्र काही होत नाही.

आता माझ्या फजितीकडे येतो. बॅटरी उतरलेली आहे हे कळलं, तेव्हा मी वायरी शोधायला हवं होतं. पण पहाटेची वेळ, भोवती माणसं जमलेली, मास्तर काय करतात ते पाहतायत, आणि मला झाकणाची युक्ती माहीत! मी त्या आजींच्या हातातल्या रिमोटमधून धातूची किल्ली काढली, दार उघडलं, आत न बसता बाहेरूनच वाकून झाकण काढलं, किल्ली भोकात दाबली आणि दांडी ‘एन’वर ओढली. लोक “वा, सर!” म्हणेपर्यंत गाडी मागे निघालीसुद्धा. आमच्या पार्किंगला पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून आतल्या बाजूला किंचित उतार आहे. चालताना तो जाणवतही नाही. त्या तरुणाने सोसायटीचा नियम पाळून हँडब्रेक सोडलेलाच होता. वीट काढलेली होती. गाडीला धरून ठेवणारी एकच गोष्ट उरली होती, ती खिट्टी, आणि तीच मी काढली. दोन गाड्यांच्या मध्ये, ढकलायच्या तयारीत, पहिल्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा उभा होता.

मी कसाबसा आत झोकून देऊन ब्रेक दाबला. इंजिन बंद असलं की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांत संपते, आणि चार दिवस उभ्या असलेल्या गाडीत तर ती नसल्यातच जमा. पाय दगडावर ठेवल्यासारखा लागला. सगळं वजन टाकलं तेव्हा गाडी थांबली. मुलाने वेळेवर उडी मारली होती, नडगी तेवढी खरचटली. “काही नाही काका, लागलं नाही,” म्हणाला तो. मला मात्र घाम फुटला होता. हजार किलोंची गाडी आणि मधे एक वीतभर जागा. मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो, की आधी धरा, मग सोडा. त्या पहाटे मीच ते विसरलो.

म्हणून क्रम पाठ करा. गाडीच्या पुढे-मागे कोणी उभं नाही हे पाहा. चाकाखाली वीट किंवा लाकडाचा ठोकळा, उताराच्या बाजूने. चालकाच्या जागी नीट बसा. हँडब्रेक घट्ट ओढा. उजवा पाय ब्रेकवर, जोर लावून. त्यानंतरच खटका दाबा आणि दांडी ‘एन’वर आणा. ढकलणारी माणसं तयार झाली, की वीट काढा, मग हँडब्रेक सोडा आणि पाय ब्रेकवरून हळूहळू उचला. काम झालं, की दांडी परत ‘पी’वर. पुष्कळ नव्या गाड्यांत हँडब्रेकही बटणाचा असतो. बॅटरी उतरल्यावर तो लागतही नाही आणि निघतही नाही. अशा गाडीला वीज दिल्याशिवाय हातच लावू नये.

आता त्या तरुणाचं काही चुकलं का? मला तसं वाटत नाही. ऑटोमॅटिक गाडीवाल्याला आमचा न्यूट्रलचा नियम पाळणंच अवघड आहे. किल्लीची गाडी असेल, तर ‘पी’ लावल्याशिवाय किल्ली बाहेर येत नाही. बटणाची असेल, तर पुष्कळ गाड्या ‘पी’ लावल्याशिवाय पुरत्या बंद होत नाहीत. बँकॉकमध्ये मॉलच्या पार्किंगमध्ये आडव्या लावलेल्या गाड्या न्यूट्रलमध्ये ठेवायची पद्धत आहे. तिथले ऑटोमॅटिकवाले गाडी ‘पी’त बंद करतात, मग तोच ‘शिफ्ट लॉक’ दाबून दांडी ‘एन’वर आणून ठेवतात. पण ते जागा अगदी सपाट असेल तरच. आमच्या सोसायटीने साधा तोडगा काढला. ऑटोमॅटिक गाड्या मागच्या रांगेत, आणि परगावी जाणाऱ्याने गाडी पुढे लावायचीच नाही. वॉचमनच्या खोलीत आता जोडणीच्या वायरी, दोन लाकडी ठोकळे आणि एक चपटा पेचकस टांगलेला आहे.

तुम्हाला माझी विनंती एवढीच, की आज रविवार आहे, तर दहा मिनिटं काढा. गाडीचं पुस्तक उघडा आणि ते झाकण कुठे आहे ते शोधा. सापडलं तर सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकाला ठोकळा लावून एकदा करून पाहा. पेचकस डिकीत ठेवू नका, हाताशी ठेवा. बॅटरी उतरली की डिकीही उघडत नाही. आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही दाखवून ठेवा, कारण अडचण येईल तेव्हा तुम्ही परगावी असाल.

राहता राहिली त्या सूनबाईंची गोष्ट. वीस मिनिटांनी आम्ही गाडी बाजूला केली, मागची गाडी बाहेर काढली आणि विजयी मुद्रेने वर पाहिलं, तर जिन्यात कोणीच नव्हतं. आमचा पराक्रम सुरू असताना वॉचमन गुपचूप कोपऱ्यावर गेला होता. तिथे एक रिक्षा कायम उभी असते. त्याने रिक्षावाल्याला उठवून आणलं आणि सूनबाई केव्हाच हॉस्पिटलात पोचल्या होत्या. सकाळी सातला मुलगी झाली. पेढे द्यायला त्यांच्या सासूबाई माझ्याकडे आल्या तेव्हा मी म्हटलं, “वहिनी, पहिला पेढा वॉचमनला द्या.” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “त्यालाच आधी देऊन आलेय.”